आधी मांडव, मग कारल्याचं बी

कारल्याचं बी टोकायची आपल्याला घाई असते. मांडवाचं मात्र ‘बघू पुढं’ असं होतं. वेल हातभर वाढून जमिनीवर लोळायला लागले, की मग डांब-तारेची पळापळ. अशा गडबडीत उभा केलेला मांडव ऐन तोड्यात दगा देतो. पावसानं वेल भिजून जड होतात, वर वारा सुटतो आणि कडेचा एक डांब उपटला की अख्खा मांडव बसतो. वेल पिरगळतात, तुटतात. बी, खत, मजुरी सगळं मातीत जातं.

तेव्हा मांडव आधी उभारा. त्याची उंची साधारण साडेसहा फूट ठेवावी, म्हणजे खालून उभ्यानं तोडणी, फवारणी करता येते. शेताच्या कडेनं दर 15 फुटांवर 10 फुटी डांब 2 फूट खोल गाडावेत. गाडायच्या भागाला डांबर फासावं, नाहीतर वाळवी लागते. हे डांब सरळ नकोत, शेताबाहेर झुकलेले हवेत. कारण तारा त्यांना सतत आत ओढतात. बाहेरून प्रत्येक डांबाला जमिनीत पुरलेल्या लांबट दगडाचा ताण द्यावा. कडेची तार 8 किंवा 10 गेजची, आतल्या जाळीची 16 गेजची चालते. मध्ये दर 8 फुटांवर बांबूचा टेकू द्या. ताण झाले, की कडेच्या तारेला धरून लोंबकळून बघा. डांब हलला तर दुरुस्ती आजच करा.

लागवडीला दोन ओळींत 8 फूट, दोन वेलांत 3 फूट अंतर ठेवावं. कारल्याच्या बियाचं कवच टणक असतं, त्यामुळं बी रात्रभर ओल्या फडक्यात बांधून मग टोकावं. राहुरी कृषी विद्यापीठाच्या ‘हिरकणी’ आणि ‘फुले ग्रीन गोल्ड’ या जाती आपल्याकडं परिचित आहेत.

वेल वाढू लागला, की बुडाजवळच्या काडीला सुतळी बांधून दुसरं टोक वरच्या तारेला बांधा. सुतळी वेलाच्या खोडाला आवळू नका. वेल तारेपर्यंत पोचेस्तोवर बगलफुटी आणि तणावे काढत राहा. वर पोचल्यावर मात्र फांद्या मोकळ्या सोडा.

मांडवावरचं फळ लोंबकळत वाढतं, म्हणून सरळ आणि एकसारखं हिरवं येतं. मातीला टेकून ते कुजत नाही. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे सापळे फुलोऱ्यापासून लावावेत. किडकी फळं बांधावर न टाकता खोल पुरावीत. फवारणी सांजच्याला करावी, कारण सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. त्या मेल्या, तर फळ धरणार कसं?

गावच्या कृषी कर्मचाऱ्यांनीही बियाण्याची चौकशी करताना एवढं विचारावं : मांडव झाला का? खर्च मोठा आहे खरा, पण नीट बांधलेल्या मांडवावर कारलं निघाल्यावर दोडका, दुधीही घेता येतो. पहिल्या पिकात तो बसला, तर मात्र कर्ज तेवढं उभं राहतं.