जमीन कोणाची, देणारे कोण? व्हर्जिनियाची राजसनद वाचताना

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १० एप्रिल १६०६ रोजी एक सनद दिली. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, ३४ ते ४५ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान वसाहती वसवण्याची ती परवानगी होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात जेम्सटाऊन वसले ते याच सनदेच्या बळावर. सरकारी कागद हाती आला की देणारा कोण, घेणारा कोण आणि कोणाचे नावच नाही, हे आधी पाहायची आम्हा कार्यकर्त्यांना सवय असते. ही सनदही आम्ही तशीच वाचली.

सुरुवात विनंतीपासून होते. थॉमस गेट्स, जॉर्ज सोमर्स, रिचर्ड हॅकलूट, एडवर्ड मारिया विंगफील्ड अशा प्रेमळ प्रजाजनांनी नम्रपणे मागितले, म्हणून राजा उदारपणे देतो. सगळा व्यवहार या दोन पक्षांतच उरकतो. जी जमीन दिली ती ज्यांच्या पायाखाली होती, ते यात कुठेच नाहीत.

जमिनीचे वर्णन तर नीट वाचावे असे आहे. ज्या प्रदेशावर सध्या कोणत्याही ख्रिस्ती राजाचा किंवा लोकांचा प्रत्यक्ष ताबा नाही, असा प्रदेश. यातला ‘ख्रिस्ती’ हा शब्द काढून पाहा, वाक्य तिथेच खोटे पडते. कारण तिथे पोव्हाटन या प्रमुखाच्या सत्तेखाली सुमारे ३० जमाती राहत होत्या, मका पिकवत होत्या. एका विशेषणाने त्यांचा ताबा मोजणीतून वगळला.

मूळ रहिवासी सनदेत येतात ते धर्मप्रसाराच्या वाक्यात: अंधारात आणि अज्ञानात जगणारे, रानटी. त्यांना ‘कालांतराने’ माणुसकीच्या रीतीवर आणायचे आहे. ते कोणी करायचे, किती वर्षांत, खर्च कोणाचा, याचा हिशेब नाही. हिशेब आहे तो खाणींचा! सोने-चांदी सापडली तर पाचवा हिस्सा राजाचा, तांबे सापडले तर पंधरावा. ‘कालांतराने’ कुठे चालते आणि अपूर्णांक कुठे लागतो, यावरून खरा हेतू कळतो, असे आमचे मत आहे.

आणखी एक गंमत. ही जमीन कायद्याने इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रीनिच या जहागिरीचा भाग असल्यासारखी धरायची होती. आपल्या मुंबईचे बेट दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला दिले, तेव्हाही हेच ईस्ट ग्रीनिच त्या सनदेत होते. साचा एकच, समुद्र वेगळा.

व्हर्जिनियाच्या सनदेत हक्कांची कलमेही आहेत. वसाहतीत जन्मलेल्या वसाहतवाल्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखेच सगळे हक्क. वसाहतीतल्या कोणी लूटमार केली तर भरपाईचीही तरतूद आहे. पण ती लुटला गेलेला माणूस इंग्लंडच्या राजाचा प्रजाजन असेल, किंवा राजाशी मैत्रीचा करार असलेल्या सत्तेचा असेल तर. पोव्हाटनशी असा करार नव्हता. जेम्सटाऊनचे लोक पहिल्या हिवाळ्यात तगले ते बरेचसे त्याच्या लोकांच्या मक्यावर. तो मका कोणी बळजबरीने नेला तर दाद कुठे मागायची, याबद्दल सनदेत एक ओळ नाही.