नंबराच्या कागदापासून चष्म्यापर्यंत

दुकानात आपण नंबराचा कागद देतो आणि काही दिवसांनी चष्मा घेऊन येतो. मधलं सगळं काम लेन्स लॅबमधले तंत्रज्ञ करतात. हे करिअर मुलांना कुणी सुचवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साधे नंबर तयार काचांमध्ये मिळतात. प्रोग्रेसिव्ह (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) किंवा मोठा सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) असेल तर काच घडवावी लागते. जाड ‘ब्लँक’ची, म्हणजे अर्धवट तयार काचेची, पुढची बाजू तयार येते, नंबर घडतो मागच्या बाजूला. जनरेटर मशीन तिथे हवा तो बाक कापतं, मग बारीक घासणं, मग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पांढऱ्या द्रावणाने पॉलिश. ओरखडा राहिला की काच बाद! पुढे लेन्सोमीटर या यंत्रावर नंबराची तपासणी. सिलिंडरचा अक्ष तर डोळ्यांत तेल घालून जपायचा, कारण तो 30 अंशांनी सरकला की त्या सिलिंडरचा फायदाच संपतो. शेवटी बाहुल्यांमधलं अंतर सांभाळून फ्रेमच्या मापाने कड घासायची.

यातलं बरंचसं कौशल्य लॅबमध्ये काम करता करताच येतं. हात स्थिर आहे, अंशांची आणि दशांशांची भीती नाही, असं कुणी घरात असेल तर ओळखीच्या चष्मेवाल्याला विचारा, त्यांच्या काचा कुठे बनतात. एकदा ती लॅब बघून याच.