वृक्कविकारजन्य थकवा व स्नायुदौर्बल्य

वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) चिरकारी विकारात आढळणारे एक प्रमुख लक्षण. श्रमाने येणारा थकवा विश्रांतीने जातो. हा जात नाही. मांड्या व नितंब यांचे स्नायू प्रथम दुर्बल होत असल्याने उकिडवे बसून उठणे, जिना चढणे यांसारख्या हालचाली कठीण होतात.

कारणे : निरोगी वृक्कांत तयार होणाऱ्या एरिथ्रोपोएटीन या हॉर्मोनाच्या प्रेरणेने अस्थिमज्जेत तांबड्या कोशिका निर्माण होतात. ते कमी पडल्यास पांडुरोग होऊन स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. रक्तात अम्ल साचल्याने स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढते. ड जीवनसत्त्व पुरेसे सक्रिय होत नाही, भूक मंदावते आणि स्नायू झिजतात. क्रिॲटिनीन हे स्नायूंतूनच उत्पन्न होत असल्यामुळे अशा कृश रुग्णाच्या रक्तात त्याचे प्रमाण विकाराच्या मानाने कमी दिसते व निदान फसू शकते. रक्तातील पोटॅशियम फार वाढल्यास एकाएकी तीव्र दुर्बलता येते. हृदय बंद पडण्याचा धोका असल्याने तातडीने उपचार करावे लागतात.

वऱ्हाडातील स्थिती : पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर, अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा व बाळापूर तसेच बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर इ. तालुक्यांत पसरला आहे. येथील भूजल खारे असून वृक्कविकाराच्या तक्रारी अनेक वर्षे पुढे येत आहेत. तथापि केवळ खारे पाणी हेच त्याचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. मधुमेह, अतिरक्तदाब व उन्हाळ्यातील निर्जलीभवन यांचाही विचार करावा लागतो. शेतमजुराचा थकवा बहुधा उन्हाचा किंवा वयाचा मानला जातो. अंगदुखीवर तो वेदनाशामक गोळ्या घेतो आणि त्यांपैकी अनेक गोळ्या वृक्कांना अधिकच इजा करतात. म्हणून न हटणाऱ्या थकव्यात रक्तदाब, हीमोग्लोबिन, क्रिॲटिनीन व मूत्रातील प्रथिन यांची तपासणी आवश्यक ठरते.

उपचार : पांडुरोगावर लोह व १९८९ पासून औषधरूपात उपलब्ध झालेले कृत्रिम एरिथ्रोपोएटीन, अम्लाधिक्यावर सोडियम बायकार्बोनेट आणि स्नायूंसाठी वैद्याच्या सल्ल्याने बेताचा नियमित व्यायाम हे उपाय योजतात. पथ्य म्हणून वरण अजिबात सोडल्यास झीज वाढते. अपोहन सुरू नसलेल्या रुग्णास शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. ०·६ ते ०·८ ग्रॅ. प्रथिन पुरते, अपोहन सुरू झाल्यावर १ ते १·२ ग्रॅ. लागते. गरीब रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयांतून मोफत अपोहनाची राष्ट्रीय योजना २०१६ मध्ये सुरू झाली. मात्र अपोहनाने थकवा पूर्णपणे जात नाही. यास्तव विकार लवकर ओळखणे हाच झीज रोखण्याचा खात्रीचा मार्ग होय.