एका गुणाने जिंकला, तो खरोखर श्रेष्ठ का?

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात वेळापूर नावाचे गाव आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामाला असते. अर्धनारीनटेश्वराच्या जुन्या मंदिरासाठीही हे गाव प्रसिद्ध आहे. खो-खो खेळणाऱ्यांना मात्र त्याची आणखी एक ओळख ठाऊक आहे. वेळापूरचा रामजी कश्यप हा खेळाडू व्यावसायिक खो-खोमध्ये ‘चेन्नई क्विक गन्स’ या संघाकडून खेळला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत जिंकलेल्या भारतीय संघातही तो होता.

व्यावसायिक खो-खो म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. २०२२ साली ‘अल्टिमेट खो-खो’ ही लीग सुरू झाली. तिचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाला. आपल्या नेहमीच्या खो-खोपेक्षा येथे मैदान थोडे लहान, एका बाजूला सातच खेळाडू आणि पाळी सात मिनिटांची. गडी बाद केला की दोन गुण. हवेत सूर मारून टिपला तर तीन. चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू असे सहा संघ होते. प्रत्येक संघ इतर पाच संघांशी दोन-दोन वेळा खेळला. म्हणजे प्रत्येकाचे १० सामने झाले आणि साखळीत एकूण ३०.

अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्स आणि तेलुगू योद्धाज यांच्यात झाला. शेवटच्या मिनिटात तेलुगू संघ ४५-४३ असा पुढे होता. सामना संपायला अवघी १४ सेकंद उरली असताना ओडिशाच्या सूरज लांडे याने हवेत सूर मारून गडी टिपला. तीन गुण मिळाले आणि ओडिशाने ४६-४५ असा विजय मिळवून अजिंक्यपद पटकावले.

आता आपण एक प्रश्न विचारू. तो सूर वीतभर कमी पडला असता, तर अजिंक्यपद दुसऱ्याच संघाकडे गेले असते. मग ओडिशाचा संघ ‘श्रेष्ठ’ आहे, हे त्या एका गुणाने सिद्ध झाले का?

लंबक आणि सामना

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या प्रयोगशाळेतच आहे. साध्या लंबकाचा आवर्तकाल मोजताना तुम्ही एकच आंदोलन मोजता का? नाही. वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजता आणि त्याला वीसने भागता. एका आंदोलनात घड्याळ दाबण्याची चूक मोठी ठरते. वीस आंदोलनांत तीच चूक वाटली जाते.

सामना हेही एक प्रकारचे मापनच आहे. दोन संघांपैकी कोण अधिक सरस, हे आपण त्यातून मोजतो. पण प्रत्येक मापनात थोडी चूक असतेच. एखाद्याचा पाय घसरतो, पंचांची नजर क्षणभर चुकते, कोणाची बोटे दोन अंगुळांनी कमी पडतात. अशा लहानसहान गोष्टींना आपण योगायोग म्हणतो. एका सामन्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. सामने वाढले की तो कमी होतो. हंगाम कशासाठी असतो, याचे शास्त्रीय उत्तर हेच आहे.

चिंचोक्यांचा हंगाम

हे प्रत्यक्ष करून पाहू. दहा चिंचोके घ्या. त्यांपैकी सहांवर खडूने खूण करा आणि सर्व एका पिशवीत टाका. ही पिशवी म्हणजे तुमचा संघ. न पाहता एक चिंचोका काढा. खुणेचा निघाला तर सामना जिंकला, बिनखुणेचा निघाला तर हरला. चिंचोका परत पिशवीत टाका, पिशवी हलवा आणि पुन्हा काढा. असे दहा वेळा केले की एक हंगाम संपला.

हा संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस आहे, यात शंका नाही. दहांपैकी सहा सामने त्याने जिंकावेत. पण वर्गातील चाळीस जणांनी प्रत्येकी एक हंगाम ‘खेळला’, तर सर्वांना सहाच विजय मिळतील का? गणित सांगते, नाही. सुमारे पंधरा जणांना पाच किंवा त्याहून कमी विजय मिळतील. एकदोघांना मात्र नऊ किंवा दहा विजय मिळतील! त्यांच्या संघाचे फोटो छापून येतील. पंधरा जणांच्या संघांना ‘सुमार’ म्हटले जाईल. वास्तविक पिशव्या सगळ्यांच्या सारख्याच होत्या.

आता हंगाम लांबवू. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ नियमित हंगामात तब्बल ८२ सामने खेळतो. दहात सहा जिंकण्याची ताकद असलेल्या संघाला ८२ सामन्यांत सुमारे ४९ विजय मिळायला हवेत. एवढ्या सामन्यांत तो ४१ किंवा त्याहून कमी विजयांवर अडकण्याची शक्यता शंभरात केवळ चार. दहा सामन्यांच्या हंगामात निम्मे किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता मात्र शंभरात ३७ आहे.

सामने वाढले की निकाल खऱ्या ताकदीच्या जवळ येतो, हा नियम याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने सिद्ध केला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला. या जवळ येण्यालाही एक ठरावीक गती असते. चूक निम्मी करायची तर सामने दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. अचूकता हवी असेल, तर तिची किंमत अशी मोजावी लागते.

बाद फेरीचा हिशेब

आता आपल्या शाळेच्या मैदानावर येऊ. शालेय स्पर्धा बहुतेकदा बाद पद्धतीने होतात. हरला की घरी. समजा, तालुक्यातील १६ शाळांचे संघ आले आहेत. विजेतेपदासाठी लागोपाठ चार सामने जिंकावे लागतील. तुमचा संघ समोर येणाऱ्या प्रत्येक संघापेक्षा सरस आहे. कोणाशीही दहा वेळा खेळला तर सहा वेळा जिंकेल. मग विजेतेपद मिळण्याची शक्यता किती?

०.६ × ०.६ × ०.६ × ०.६ = ०.१२९६

म्हणजे शंभरात फक्त १३. सर्वांत चांगला संघ शंभरपैकी ८७ वेळा चषकाशिवाय घरी परत येईल! संघ आणखी बलवान आहे, दहात आठ सामने जिंकतो, असे धरले तरी उत्तर ०.४०९६ येते. म्हणजे शंभरात ४१. निम्मेही नाहीत.

पहिल्या फेरीत हरलेला संघ बसमधून परत येताना गप्प असतो. एखादी मुलगी खिडकीतून बाहेर पाहत डोळे पुसत असते, आणि ‘आपल्याला खेळ जमतच नाही’ असे मनाशी ठरवून टाकते. तिला हा गुणाकार करून दाखवायला हवा. एका सामन्यातून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही.

मग बाद पद्धत का वापरतात? कारण ती स्वस्त आहे. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो, १५ संघ बाद व्हायचे आहेत, म्हणून १५ सामने पुरतात. सर्वांनी सर्वांशी खेळायचे तर १६ × १५ ÷ २ = १२० सामने होतील. इतके दिवस आणि इतके पंच कोठून आणायचे? पण मधला मार्ग आहे. चार-चार संघांचे चार गट करावेत. प्रत्येक गटात ६ सामने, चार गटांचे मिळून २४. गटविजेत्यांचे उपांत्य सामने दोन आणि अंतिम सामना एक. एकूण झाले २७. बारा सामने वाढले, परंतु लांबून एस.टी.ने आलेल्या प्रत्येक संघाला निदान तीन सामने खेळायला मिळाले.

‘फॉर्म’ गेला म्हणजे काय?

एखादा संघ लागोपाठ तीन सामने हरला की ‘संघाचा फॉर्म गेला’ असे आपण म्हणतो. पुन्हा चिंचोक्यांकडे वळू. दहा सामन्यांत कोठेतरी लागोपाठ तीन पराभव येण्याची शक्यता शंभरात सुमारे ३१ आहे. पिशवीचा ‘फॉर्म’ जाऊ शकत नाही, तरीही दर तीन हंगामांत जवळजवळ एकदा असे घडतेच.

उलट बाजूही पाहा. बास्केटबॉलमध्ये लागोपाठ तीन चेंडू बास्केटमध्ये गेले की ‘आज याचा हात बसला आहे, चेंडू यालाच द्या’ असे सगळे म्हणू लागतात. हे खरे असते का? गिलोव्हिच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की या तीन संशोधकांनी फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स या व्यावसायिक संघाचा १९८०-८१ चा हंगाम तपासला. घरच्या मैदानावरील सामन्यांतील नऊ खेळाडूंच्या प्रत्येक फेकीची नोंद त्यांनी घेतली. लागोपाठ तीन फेकी यशस्वी झाल्यानंतरच्या फेकीत यशाचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले, आणि लागोपाठ तीन फेकी फसल्यानंतरच्या फेकीत ५६ टक्के! ‘बसलेला हात’ हा मनाचा खेळ आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९८५ साली मांडला.

पण विज्ञान तेथेच थांबले नाही. २०१८ साली मिलर आणि सांहुर्हो या दोन संशोधकांनी दाखवून दिले की अशी मोजणी करण्याच्या पद्धतीतच एक बारीक त्रुटी आहे. फेकींची रांग मर्यादित असली, की ‘यशानंतरचे यश’ या मोजणीत मुळात असते त्यापेक्षा थोडे कमी दिसते. ती त्रुटी दूर केली, तर हात थोडासा बसत असावा असे काही नोंदींत दिसते. तेहतीस वर्षे मान्य असलेला निष्कर्षही पुन्हा तपासून पाहता येतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अर्थात, प्रेक्षकांना वाटतो तेवढा मोठा हा परिणाम नाही.

मग सराव कशासाठी?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘सगळे योगायोगावर असेल, तर सकाळी सहाला उठून मैदानावर कशाला जायचे?’ असा अर्थ काढू नका. पिशवीतून कोणता चिंचोका निघेल हे आपल्या हाती नाही. पण पिशवीत खुणेचे चिंचोके किती, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. सराव म्हणजे पिशवीत खुणेचा आणखी एक चिंचोका घालणे. दहात सहाचे दहात आठ झाले, की चषकाची शक्यता १३ वरून ४१ वर जाते, हे आपण आताच पाहिले. दोन चिंचोक्यांनी तिपटीहून अधिक फरक पडला. वेळापूर आणि सोलापूर जिल्ह्यातील इतर गावांच्या मैदानांवर मुले-मुली वर्षानुवर्षे घाम गाळतात, त्याचा हिशेब असा आहे.

आणखी एक गोष्ट. चिंचोके थकत नाहीत, दुखावत नाहीत आणि शिकतही नाहीत. खरे संघ हे सगळे करतात. पहिल्या हंगामात अंतिम सामना खेळलेले ओडिशा आणि तेलुगू हे दोन्ही संघ दुसऱ्या हंगामात अंतिम सामन्यात नव्हते. १३ जानेवारी २०२४ रोजी कटकला झालेल्या त्या सामन्यात गुजरात जायंट्सने रामजी कश्यपच्या चेन्नई संघाला ३१-२६ असे हरवले. यात बदललेली ताकद किती आणि योगायोग किती, हे दोन हंगामांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी आणखी बरेच हंगाम खेळावे लागतील.

ओडिशाने २०२२ चे अजिंक्यपद मिळवले, ते नियमाने आणि कौशल्याने मिळवले. १४ सेकंद उरली असताना तसा सूर मारायला वर्षांची मेहनत लागते. विजेत्याचा गौरव करावाच. पण एका गुणाने हरलेल्याला दुबळा म्हणू नये. निकाल आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकाल एका दिवसाचा असतो, आणि ताकद कळायला हंगाम लागतो.

शिक्षकांनाही एक विनंती. शाळेचा संघ निवडताना एकाच दिवसाची चाचणी घेऊ नये. आठवडाभर रोज थोडा वेळ खेळवावे आणि प्रत्येकाने किती गडी टिपले, किती वेळ पळती केली, याची वहीत नोंद ठेवावी. त्या एका दिवशी पाय मुरगळलेला विद्यार्थी कदाचित तुमचा सर्वांत चांगला खेळाडू असेल.

करून पाहा

१. वर्गातील प्रत्येकाने चिंचोक्यांचा एक हंगाम खेळावा. किती विजय कितीजणांना मिळाले, याचा स्तंभालेख काढा. लागोपाठ तीन पराभव कितीजणांच्या वाट्याला आले, तेही मोजा.

२. दहात सहा जिंकणारा संघ ‘तीनपैकी दोन सामने’ अशी मालिका खेळला, तर ती जिंकण्याची शक्यता किती? (पहिले दोन्ही जिंकले : ०.३६०. जिंकला-हरला-जिंकला : ०.१४४. हरला-जिंकला-जिंकला : ०.१४४. एकूण ०.६४८, म्हणजे शंभरात सुमारे ६५.) ‘पाचपैकी तीन’ या मालिकेचे उत्तर तुम्ही काढा. ते शंभरात ६८ च्या आसपास आले, तर तुमचे गणित बरोबर आहे.