पर्क पाण्याखाली उतरते
ड्रायक्लीनिंगमध्ये तेलकट डाग पाण्याने नव्हे, बहुधा पर्कने म्हणजे टेट्राक्लोरोएथिलीनने काढतात. हा द्रव पाण्याच्या सुमारे 1.6 पट जड. सांडलेले पेट्रोल भूजलावर तरंगते. पर्क आणखी खाली जाते. मोसम खोऱ्यातल्या नामपूरसारख्या गावी मुरमाखाली बेसाल्ट लागतो; त्याच्या भेगांतून ते कुठेही वळू शकते. म्हणून आधी ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या फरशीखालच्या मातीतली हवा नळीने ओढून तपासतात, मग माती, शेवटी वेगवेगळ्या खोलीच्या बोअरचे पाणी. पाण्याच्या नमुन्याची बाटली काठोकाठ भरायची. बुडबुडा राहिला तर पर्क त्यात उडते आणि आकडा कमी येतो.  पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरला पर्क कळत नाही. ते मोजायला प्रयोगशाळेतला गॅस क्रोमॅटोग्राफच हवा.