दुरून बादशहा, जवळून बाजार

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण सहसा भोळ्या माणसाला सावध करण्यासाठी वापरतो. परंतु दुरून दिसणारे आणि जवळून दिसणारे यांतील विरोध हाच एखाद्याच्या कलेचा प्राण होऊ शकतो, हे लाहोरचे चित्रकार रशीद राणा यांनी दाखवून दिले आहे.

श्रोत्यांनी क्षणभर अशी कल्पना करावी, की समोरच्या भिंतीवर सोनेरी नक्षीदार चौकटीत मोगल शैलीचे एक लहानसे चित्र आहे. बादशहा शाहजहान, एका बाजूने रेखलेला चेहरा, भारदस्त मुद्रा. कौतुकाने दोन पावले पुढे व्हावे, तो बादशहा नाहीसा होतो! त्याच्या जागी दिसतात असंख्य चिमुकली छायाचित्रे. आणि तीही कशाची, तर लाहोरच्या रस्त्यांवरील जाहिरातींच्या फलकांची. ‘आय लव्ह मिनिएचर्स’ असे या २००२ सालच्या कृतीचे नाव आहे.

ही किमया साधते कशी? वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरले, तर काळ्या ठिपक्यांखेरीज काहीच दिसत नाही. डोळा दूर गेला की त्याच ठिपक्यांचा चेहरा होतो. राणा यांनी संगणकाच्या साहाय्याने ठिपक्याच्या जागी अख्खे छायाचित्र बसविले. गडद छायेस गडद फलक, उजळ गालास उजळ फलक. मात्र ठिपक्याला स्वतःचे असे काही सांगायचे नसते, फलकाला असते. तो काहीतरी विकत असतो.

राणा यांचा जन्म १९६८ सालचा, लाहोरचाच. शाहजहानही १५९२ मध्ये तेथेच जन्मला. तेथील ज्या राष्ट्रीय कला महाविद्यालयात राणा शिकले, ते १८७५ साली मेयो कलाशाळा म्हणून सुरू झाले. तिचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग हे त्यापूर्वी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच लाहोरच्या विद्यालयातून लघुचित्रणाला नवा बहर आला व त्याची कीर्ती परदेशी गेली. पाकिस्तानी चित्रकार म्हटला की त्याने लघुचित्रच काढावे, अशी जणू अपेक्षा निर्माण झाली. म्हणजे परंपरेचा अभिमान हाही विक्रीचा जिन्नस ठरला! चित्राचे ते प्रेमळ नाव आणि ती सोनेरी चौकट यांतील उपरोध येथे उमगतो.

२००४ सालच्या ‘ऑमॅटिडिया’ या मालिकेत शाहरुख खान, सलमान खान, हृतिक रोशन असे हिंदी नट दिसतात. कीटकाचा डोळा ज्या असंख्य सूक्ष्म नेत्रांचा बनलेला असतो, त्यांचे हे शास्त्रीय नाव. जवळ जावे तो हे नट लाहोरच्या सामान्य तरुणांच्या छायाचित्रांचे घडलेले. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानच्या चित्रपटगृहांत भारतीय चित्रपटांना बंदी होती, आणि हे चित्र झाले तेव्हाही ती पुरती उठली नव्हती. तरी ते चेहरे घरोघर पोहोचले होते. नटाचे मोठेपण कोणाच्या नजरांनी उभारले, याचे उत्तर चित्र स्वतःच देते.

‘रेड कार्पेट’ ही २००७ पासूनची मालिका अधिक कठोर आहे. दुरून तो उंची इराणी गालिचा भासतो. जवळून दिसतात कत्तलखान्यातील रक्ताळलेली दृश्ये. दिवाणखान्याची शोभा आणि तिच्याआड झाकलेली हिंसा एकाच विणीत आली आहेत. गंमत अशी, की यांतील एका चित्रास २००८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सहा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. बाजाराकडे बोट दाखविणारे चित्र बाजारातच चढ्या भावाने गेले. राणा यांची कलाही या व्यवहारातून सुटली नाही.

तथापि परंपरा तेवढी थोर आणि बाजार तेवढा हीन, असा सोपा निवाडा ही चित्रे देत नाहीत. मागे सरकताच बादशहा पुन्हा उभा राहतो. तो खोटा ठरत नाही, आणि फलकही पुसले जात नाहीत. जो दूरच उभा राहतो, त्याच्या पदरी नुसता अभिमान पडतो. जो भिंतीला नाक लावून बसतो, त्याच्या पदरी नुसता तिटकारा. आपली म्हणून मिरविलेली ओळख कोणत्या तुकड्यांची जुळली आहे, हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचे असेल, त्याने या चित्रांपुढे चार पावले मागे-पुढे चालण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.