घराच्या अंदाजपत्रकात आधी पाऊस

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी उच्चारलेली असते, आणि तीही बहुधा गिलावा अर्धवट टाकून गवंडी आपल्या गावी निघून गेल्यानंतर. दवाखाना स्थिरावला, मुले शाळेत रुळली, की भाड्याची जागा किंवा वडिलार्जित समाईक घर अपुरे वाटू लागते. मग भूखंड घेतला जातो, नकाशा काढला जातो, आणि रुग्णांच्या रांगेतून सवड नाही म्हणून सारा व्यवहार ठेकेदारावर सोपवला जातो. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या समव्यवसायी मित्रांची अशी कितीतरी घरे मी पाहिली. त्यांतले एक माझेच आहे. त्या अनुभवातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

सांगावयाचे मुख्यतः इतकेच, की आपल्या भागात घराच्या अंदाजपत्रकाचा पहिला मानकरी पाऊस आहे. वर्षाकाठी सुमारे तीन मीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घराची व पाण्याची गाठ पाया, जोते, भिंत आणि छप्पर या चार ठिकाणी पडते. तेथे हात आखडता घेतला, तर वाचलेले पैसे पुढे दामदुपटीने द्यावे लागतात. आपल्या कोणत्याही गावात रस्त्याने जाताना वर पाहावे. सपाट स्लॅब आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी सांगाड्यावर चढवलेले पत्रे, असे दृश्य दर दहा-वीस घरांमागे दिसते. स्लॅब हेच छप्पर समजून त्याचे पैसे मोजले, तो गळू लागल्यावर पुन्हा छपराचे पैसे मोजले. आपल्या आजोबांच्या उतरत्या कौलारू घराला हा दुहेरी भुर्दंड कधी पडला नव्हता.

पहिला हिशेब पैशांचा नसून दिवसांचा आहे. कागदपत्रे, नकाशे आणि दरपत्रके पावसाळ्यात उरकावीत, दसऱ्याच्या सुमारास पाया खणावा आणि छप्पर एप्रिलअखेर पुरे करावे. मी स्वतः फेब्रुवारीत आरंभ केला. मुहूर्त उत्तम होता, एवढेच त्याचे समर्थन. मे महिना उजाडला तेव्हा भिंती छपराच्या पातळीला आल्या होत्या आणि पाऊस सुरू होईतो त्या तशाच उघड्या राहिल्या. झावळ्यांची झापे लावून वरचे थर झाकावेत असे एका वृद्ध गवंड्याने सुचवले होते; मी ते जुनाट म्हणून मनावर घेतले नाही. चार महिने चिऱ्यांनी पाणी प्यायले. पुढे घाईने ओल्या भिंतींवर केलेला गिलावा वर्षाच्या आत पोपडे धरून सुटला. शिवाय एक वर्षाचे भाडे आणि कर्जाचे व्याज अंगावर पडले ते निराळेच. मे महिना कोरडाच असतो असेही धरून चालू नये. १५ व १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अर्धवट छपरांची काय गत झाली हे पेडणेकरांना सांगावयास नको.

दिवसांच्या या हिशेबात एक गोष्ट मात्र कधीही कापू नये. काँक्रीटवर पाणी मारण्याचे दिवस भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात आणि हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोझोलाना सिमेंटला किमान दहा आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढू नयेत, असेही त्यात सांगितले आहे. ठेकेदाराला सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर न्यावयाच्या असतात, म्हणून तो घाई करतो. मोडलेल्या हाडाचे प्लास्टर रुग्णाच्या आग्रहास्तव आपण लवकर काढत नाही. येथेही तोच बाणेदारपणा दाखवावा.

आता जमीन. रुग्णाचा पूर्वेतिहास आपण जितक्या चिकाटीने विचारतो, तितक्याच चिकाटीने जमिनीचा विचारावा. एक-चौदाचा उतारा हातात आला की काम झाले असे अनेकांना वाटते. त्या उताऱ्यात कब्जेदाराच्या नावाखाली कुळाचा आणि ‘इतर हक्कां’चा रकाना असतो, तो आधी वाचावा. तेथे मुंडकाराचे नाव असेल तर १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्क आहे, आणि आपण ज्याला मोकळा भूखंड म्हणतो त्याचा एक तुकडा आधीच दुसऱ्याचा असतो. कब्जेदाराचे नाव म्हणजे मालकीचा पुरावाही नव्हे. मागची खरेदीखते, वारसांचे दस्तऐवज, जुन्या मालकाच्या निधनानंतर झालेली इन्व्हेंटरी आणि बोजा नसल्याचा दाखला हे सर्व वकिलाकडून तपासून घ्यावे.

गोव्यात एक गोष्ट अधिक आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या रिवाजाप्रमाणे विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते. म्हणून विक्रेत्याच्या पत्नीची संमती व सही खरेदीखतावर हवीच, आणि चार भावांची जमीन असेल तर चार वहिन्यांचीही हवी. आपल्या घराचेही तसेच आहे. नकाशा ठरवताना सौभाग्यवतींचे मत घेणे हा सौजन्याचा भाग समजू नये. त्या अर्ध्या मालकीण आहेत.

मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीचे भाव चढले आणि स्वस्त म्हणून भातशेतीची जमीन पुढे करणारे दलालही वाढले. २०२३ च्या कायद्याने अशी शेतजमीन शेतकऱ्याखेरीज इतरांना हस्तांतरित करण्यावर निर्बंध घातले आहेत. रूपांतराची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, आरोग्याधिकाऱ्याचा ना हरकत दाखला आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना ही साखळी पुरी होईतो ठेकेदाराला एक रुपयाही आगाऊ देऊ नये. आरोग्याधिकाऱ्याचे दाखले आपल्यातल्याच काहींच्या सहीने निघतात, तरी स्वतःच्या घराच्या वेळी तो कागद विसरणारे मी पाहिले आहेत.

जमीन पाहावयास जावे ते जुलै महिन्यात. डिसेंबरात सगळेच भूखंड देखणे असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीच्या खोऱ्यातून आलेल्या पाण्याने डिचोलीतील साळ आणि पेडण्यातील इब्रामपूर भागात घरात पाणी शिरले. शेजारच्या घरातील वृद्धांना विचारले, तर पूर कोणत्या पायरीपर्यंत आला होता हे ते बोटाने दाखवतात. त्या खुणेच्या वर जोते येत नसेल तर तो भूखंड सोडून द्यावा. खाणपट्ट्यात सखल जागा खाणीच्या मातीने भरून सपाट केलेल्या असतात. अशा भरावावर पाया घेण्यापूर्वी मूळ जमीन किती खोल आहे हे खड्डा खणून पाहावे, कारण भराव दोन-तीन पावसाळे खचत राहतो आणि भिंतींना तिरप्या भेगा जातात.

विहीर आणि शोषखड्डा यांच्याविषयी तरी आपण डॉक्टरांनी चूक करू नये. दोहोंत किमान १८ मीटर अंतर असावे, असे भारतीय मानक सांगते. आपला जांभा छिद्राळ असल्याने पावसाळ्यात भूजल वर आले की घाण वेगाने सरकते. लहान भूखंडात १८ मीटर साधत नाहीत, तेव्हा शेजाऱ्याच्या विहिरीचाही विचार करावा लागतो. त्याच्या घरातले कावीळ-हगवणीचे रुग्ण शेवटी आपल्याच दवाखान्यात येणार.

भिंतीला चिरा आपल्याकडे स्वस्त आणि उत्तम. नुकता खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेवर राहून टणक होतो, म्हणून तो काही महिने आधी आणून रचून ठेवावा. पारख करावयास आपल्याला वजनकाटा पुरे. कोरडा चिरा तोलावा, चोवीस तास पाण्यात बुडवावा आणि पुन्हा तोलावा. मानकाप्रमाणे वजनात १२ टक्क्यांहून अधिक वाढ होऊ नये. म्हणजे ३० किलोचा चिरा भिजल्यावर ३३.६ किलोच्या वर गेला, तर तो कुंपणाला वापरावा. छपराचा उतार सुमारे तीस अंशांचा ठेवून पागोळ्या भिंतीपासून दोन-अडीच फूट दूर पडतील अशी वळचण काढावी. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला; तेव्हापासून या किनाऱ्याला याहून सोयीचे छप्पर सापडलेले नाही. कौलांचा शत्रू एकच, माकडे. डिचोलीच्या गावांत हा उपद्रव खरा आहे आणि त्यासाठी शे-दोनशे कौले जास्तीची घेऊन ठेवणे हाच मला माहीत असलेला उपाय. एकशेवीस चौरस मीटर छपरावर वर्षाला साडेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. पन्हळ व गटार बांधून ते जोत्यापासून दूर न्यावे आणि जमल्यास टाकीत साठवावे.

मोरजी, मांद्रे, हरमल, केरी अशा किनारी गावांत खारी हवा हा आणखी एक खर्च आहे. तेथे उघड्या काँक्रीटला मानकाप्रमाणे किमान एम-३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागते. खाडीची खारट रेती वापरून वाचवलेले पैसे दहा-पंधरा वर्षांनी स्लॅबच्या फुगलेल्या सळईत दिसतात. पुढेमागे मजला चढवू म्हणून गच्चीवर सळया उघड्या ठेवण्याची आपल्याकडील पद्धतही अशीच घातक.

आता रुपये. समजा, जमीन वगळून ६० लाख हाताशी आहेत. त्यांतले ९ लाख बाजूला काढून दुसऱ्या खात्यात ठेवावेत आणि नकाशा ५१ लाखांचाच मागावा. खर्च बसत नसेल तर क्षेत्रफळ कमी करावे, जोत्याची उंची किंवा वळचण कमी करू नये. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये आणि एकूण व्याज साडेबत्तीस लाखांच्या घरात जाते. दहा वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे ३७,२०० आणि व्याज साडेचौदा लाखांवर राहते. बँक पैसे टप्प्याटप्प्याने देते आणि व्याज पहिल्या टप्प्यापासून सुरू होते. म्हणजे २० लाख उचलून एक पावसाळा चुकला व काम वर्षभर लांबले, तर १ लाख ७० हजार रुपये नुसत्या व्याजात गेले. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, याचा आनंद जरूर मानावा. पण असे एक वर्ष हुकले की तो दिलासा व्याजातच जिरतो. ठेकेदाराला रक्कम झालेल्या कामाच्या मोजणीवर द्यावी आणि शेवटचा हिस्सा एक पावसाळा काढून झाल्यावर द्यावा, अशी अट करारात आधीच लिहून घ्यावी.

थांबू शकते ते बरेच असते. कपाटे, कुंपणाची भिंत, शोभेचे फाटक, दिवाणखान्याचे खोटे छत ही कामे दवाखान्याच्या मिळकतीतून सवडीने होतात. न्हाणीघराची जलरोधक प्रक्रिया, विजेचे अर्थिंग, सांडपाण्याच्या नळांचा उतार आणि पायाला वाळवीप्रतिबंधक औषध ही मात्र नंतर करता येत नाहीत. आमच्या माडीवरील एक खोली अजून विनागिलाव्याची आहे. पाहुणे विचारतात, तेव्हा सौभाग्यवती त्यांना आधी छप्पर दाखवतात.